चार फुटांचे दार

बेथलेहेममध्ये ज्या जागी येशूचा जन्म झाला असे ख्रिस्ती परंपरा मानते, त्या जागेवर एक पुरातन चर्च उभे आहे. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ते प्रथम बांधले गेले आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात ते नव्याने उभारले गेले. जगातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी ते एक. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. एवढ्या थोर वास्तूचे महाद्वारही तसेच भव्य असेल अशा अपेक्षेने यात्रेकरू तिथे जातो आणि एका जाडजूड दगडी भिंतीसमोर थबकतो. आत जाण्यासाठी आहे ते जेमतेम चार फूट उंचीचे एक दार! लहान मूल त्यातून ताठ मानेने आत जाते. मोठ्या माणसाला मात्र कमरेत वाकावेच लागते. तो राष्ट्राध्यक्ष असो, बिशप असो, की पै-पै साठवून आलेला एखादा शेतकरी असो. या दाराला नावच पडले आहे ‘नम्रतेचे दार’.

भिंतीकडे जरा निरखून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या भव्य दाराच्या खुणा अजून तिथे आहेत. त्याच्या आत धर्मयुद्धांच्या काळातली टोकदार कमान दिसते आणि तिच्याही आत आजचे हे चिमुकले दार. म्हणजे हे दार शतकांच्या ओघात लहान होत गेले. त्यामागचे कारण मुळीच आध्यात्मिक नव्हते. घोडेस्वारांनी आणि गाड्यांनी सरळ आत घुसू नये म्हणून केलेला तो बंदोबस्त होता. पण भाविकांनी त्यातून आपला अर्थ काढला. देवाकडे घोड्यावर बसून जाता येत नाही. आधी खाली उतरावे लागते आणि मग वाकावे लागते.

नाताळ जवळ आला की आपल्याकडे वसईच्या वाड्यांमध्ये, अहिल्यानगरच्या खेड्यांमध्ये, मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये गवताचे आणि पुठ्ठ्याचे गोठे सजू लागतात. त्या गोठ्यात बाळ, त्याची आई, जोसेफ, गाय-गाढव आणि मेंढपाळ असतात. लूकच्या शुभवर्तमानात ही हकिगत आहे. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळाला गव्हाणीत निजवले गेले आणि त्याच्या जन्माची पहिली वार्ता रानात रात्रपाळीने मेंढरे राखणाऱ्यांना मिळाली. ख्रिस्ती श्रद्धेचे सारे वेगळेपण या एका चित्रात आहे. इथे माणसाने देवापुढे वाकण्याआधी देवच माणसापर्यंत खाली आलेला आहे. मग त्याच्याकडे जाणाऱ्याने ताठ मानेने कसे जावे?

प्रश्न सोपा वाटतो. उत्तर मात्र तितके सोपे नाही. कारण कंबर वाकवणे ही दोन क्षणांची गोष्ट आहे. वाकलेले मन तसेच राहणे ही आयुष्यभराची.

याचा दाखला त्याच चर्चमध्ये मिळतो. या वास्तूची मालकी आणि देखभाल ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि रोमन कॅथलिक अशा तीन परंपरांमध्ये वाटलेली आहे. कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडायची, हे सारे ठरलेले. या वाटणीवरून शतकानुशतके तंटे होत आले. येशूच्या जन्मस्थानी बसवलेला चौदा टोकांचा चांदीचा तारा १८४७ साली चोरीला गेला, तेव्हा एकमेकांवर आरोप झाले. पवित्र स्थानांवरच्या हक्काची ही भांडणे चिघळत गेली आणि पुढे ज्या क्रिमियन युद्धात युरोपची बलाढ्य राष्ट्रे एकमेकांना भिडली, त्याच्या अनेक कारणांपैकी ते एक कारण ठरले. अगदी अलीकडे, २०११ च्या डिसेंबरात, नाताळनंतरच्या साफसफाईच्या वेळी दोन पंथांचे झगे घातलेले धर्मसेवक झाडू घेऊन एकमेकांवर धावून गेले. शेवटी पोलिसांना आत यावे लागले. आता गंमत पाहा. ही सगळी मंडळी त्या चार फुटांच्या दारातून रोज वाकून आत जाणारी होती!

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात असा एखादा झाडू असतो.

जोडे काढून

देवाविषयीचा आदर म्हणजे काय, हे बायबलमध्ये अनेक ठिकाणी आले आहे. मोशे रानात सासऱ्याची मेंढरे चारत असताना त्याला एक पेटलेले झुडूप दिसते. ते जळत असूनही भस्म होत नाही. कुतूहलाने तो जवळ जाऊ लागतो, तेव्हा त्याला सांगितले जाते की आधी पायातले जोडे काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. हा प्रसंग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. उंबऱ्याबाहेर वहाणा काढणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. खेड्यापाड्यांतल्या अनेक चर्चमध्ये आजही चपला दाराबाहेर राहतात आणि माणसे सतरंजीवर मांडी घालून बसतात. ज्या वहाणांनी आपण बाजार, कचेरी आणि कोर्ट तुडवले, त्या बाहेर ठेवायच्या, एवढा साधा अर्थ त्यात आहे.

पण हा आदर म्हणजे भीती नव्हे. येशू देवाला ‘अब्बा’ म्हणत असे. घरातले मूल बापाला ज्या जवळिकीने हाक मारते, ती ही हाक. शिष्यांनी प्रार्थना शिकवण्याची विनंती केली तेव्हा त्याने ‘पित्या’ या संबोधनानेच सुरुवात करायला सांगितले. मराठीत ही प्रार्थना म्हणताना देवाला ‘तू’ म्हटले जाते. पूर्वीच्या घरांमध्ये वडिलांना अहो-जाहो करण्याचा रिवाज होता, पण देव मात्र आईसारखा ‘तू’च राहिला. जवळीक आणि आदर यांचे भांडण नसते, हे आपल्या भाषेला फार आधीपासून ठाऊक आहे.

या प्रार्थनेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आपण देवापुढे उभे राहिलो की बहुधा यादी वाचतो. नोकरी, लग्न, परीक्षा, गुडघेदुखी. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत पहिल्या तीन मागण्या देवाविषयी आहेत. त्याचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा पूर्ण व्हावी. भाकरी त्यानंतर येते. भाकरी मागण्यात कमीपणा नाही, ती मागायला त्यानेच शिकवले. पण मागण्याआधी आपण कोणापुढे उभे आहोत याचे भान यावे, एवढ्यासाठी हा क्रम. आणि ही प्रार्थना एकट्याची नाही. तीत ‘माझा’ हा शब्दच नाही. सगळीकडे ‘आमचा’ आणि ‘आम्हाला’. म्हणजे दार बंद करून एकांतात प्रार्थना करणारा माणूसही शेजाऱ्याला मनातून बाहेर ठेवून ती म्हणू शकत नाही.

दोघांची प्रार्थना

येशूने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक फार छोटी आणि फार बोचरी आहे. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणारा. दुसरा जकातदार. तो रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि म्हणूनच गावाने वाळीत टाकल्यासारखा. परूशी देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, निदान या जकातदारासारखा तर नाहीच. आपण आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि उत्पन्नाचा दशांश देतो, हेही तो सांगतो. जकातदार दूर उभा राहतो. वर पाहण्याचेही त्याला धैर्य होत नाही. तो छाती बडवून आपल्यासारख्या पाप्यावर दया करण्याची विनवणी करतो. येशू म्हणतो की देवाच्या लेखी नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

आपण ही गोष्ट इतकी ऐकली आहे की परूशी हा दुष्टच होता असे आपण धरून चालतो. तसे नाही. तो जे सांगतो ते सगळे खरे आहे. त्याने उपवास केले आहेत आणि दशांशही दिला आहे. असा माणूस आज कोणत्याही चर्चच्या समितीवर मानाने बसला असता. त्याची चूक एकच. प्रार्थना करताना त्याची नजर वर न जाता बाजूला गेली. देवापुढे उभे राहून तो दुसऱ्या माणसाचे माप घेत राहिला.

आणि या गोष्टीतला खरा सापळा पुढेच आहे. ती वाचून संपवताना आपल्या मनात हळूच येते की, देवा, मी त्या परूश्यासारखा नाही हे किती बरे झाले! नम्रता अशी निसटती असते. ती आपल्याकडे आहे असे वाटले की तिथेच ती संपलेली असते.

एका पंक्तीला

मराठी ख्रिस्ती जीवनात या नम्रतेची खरी परीक्षा जातीच्या दारात झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले, संस्कृत जाणणारे, कवी म्हणून नाव मिळवलेले गृहस्थ. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशा आशयाचे त्यांचे सांगणे प्रसिद्धच आहे. त्यामुळे त्यांच्या भक्तिरचनांमध्ये अभंगाची लय आणि वारकऱ्याचे लीनपण सहज उतरले. मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही टाळ-पेटीवर गायिली जातात.

पण टिळकांपेक्षाही शिकण्यासारखा आहे तो लक्ष्मीबाईंचा प्रवास. अतिसोवळ्याच्या घरात त्या वाढल्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे टिळकांकडे परतल्या तरी स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवले. हे सोवळे एका दिवसात सुटले नाही. विचार करत, रडत, चिडत, स्वतःलाच प्रश्न विचारत त्यांनी ते उतरवले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नगर भागातली ख्रिस्ती मंडळी बहुतांशी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून आलेली. जिच्या घरात त्यांची सावलीही चालली नसती, ती स्त्री आता त्यांच्याबरोबर प्रभुभोजनाच्या पंक्तीला बसली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सगळा प्रवास त्यांनी कोणताही आव न आणता सांगितला आहे. स्वतःच्या फजित्यांवर त्या मोकळेपणी हसतात. आपली चूक चारचौघांत हसत सांगता येणे, यापेक्षा नम्रतेची चांगली खूण ती कोणती?

ही परीक्षा संपली असे मात्र समजू नये. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिश्चनांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्येही जातिभेद शिल्लक असल्याची कबुली त्यात होती. ज्या वेदीपुढे सगळे गुडघे टेकतात, तिथून उठल्यावर लग्नाच्या याद्या करताना जात पुन्हा डोके वर काढते, हे अनेक घरांना माहीत आहे. ही कबुली उशिरा आली, पण ती जकातदाराच्या प्रार्थनेच्या जातीची होती. तिच्यापुढचे काम अजून व्हायचे आहे.

नम्र, पण लाचार नव्हे

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. नम्रतेचा उपदेश जगात बहुधा वरून खाली केला जातो. नवऱ्याने बायकोला, मालकाने गड्याला, मोठ्यांनी लहानांना. देवापुढे वाकायचे म्हणजे सत्ता असलेल्या प्रत्येक माणसापुढे वाकायचे, असा सोयीचा अर्थ मग लावला जातो.

पंडिता रमाबाईंनी हा अर्थ कधी मानला नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मगुरूंनी आणि भगिनींनी सांगितलेले सगळे मान खाली घालून त्यांनी स्वीकारले नाही. पटेल ते घेतले, न पटेल तिथे पत्रांतून परखड वाद घातले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. हीच बाई दुष्काळात होरपळलेल्या, टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये घेऊन आली आणि त्यांची आई झाली. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे कशात घालवली? हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांमधून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात. तेही पंडिती मराठीत नव्हे, तर कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. केडगावच्या छापखान्यात त्याची जुळणी आश्रमातल्या स्त्रियांनीच केली. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या विद्वत्तेला साध्या बाईच्या पायरीवर आणून बसवणे ही रमाबाईंची नम्रता होती. पण बिशपापुढे ताठ उभे राहण्याच्या आड ती कधी आली नाही. देवापुढे खरोखर वाकलेल्या माणसाला इतरांपुढे लाचार होण्याची गरज राहत नाही, आणि इतरांना लाचार करण्याचीही.

पायांपाशी

ख्रिस्ती वर्षात एक दिवस असा येतो की या विचाराला पाण्याचा आणि पंचाचा स्पर्श होतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. धुळीच्या रस्त्यांच्या त्या देशात पाय धुणे हे गुलामाचे काम होते. म्हणूनच पेत्र संकोचून पाय मागे घेतो. त्यावर येशू त्याला बजावतो की मी तुला धुतले नाही, तर तुझा माझ्याशी काही संबंध राहणार नाही.

यातली एक बाजू आपण सहसा पाहत नाही. दुसऱ्याचे पाय धुणे जसे कठीण, तसे आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणेही कठीण. आयुष्यभर घर चालवलेल्या आजोबांना शेवटच्या आजारपणात सुनेने किंवा नातवाने आंघोळ घालावी लागते, तेव्हा त्यांचा जीव किती कानकोंडा होतो! सेवा करण्यात मोठेपणा तरी असतो. सेवा घेण्यात नुसती नम्रता उरते. पेत्राला ती शिकावी लागली.

२०१३ साली निवडून आल्यावर दोनच आठवड्यांत पोप फ्रान्सिस पवित्र गुरुवारी रोममधल्या एका बालसुधारगृहात गेले. तिथे जमिनीवर गुडघे टेकून त्यांनी बारा तरुण बंद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि मुस्लिमही होते. अनेकांच्या भुवया उंचावल्या, कारण नियमाप्रमाणे हा विधी पुरुषांपुरता होता. २०१६ साली तो नियमच बदलण्यात आला. पुढे १७ एप्रिल २०२५ या दिवशी, फुप्फुसांच्या गंभीर आजारातून उठलेले हे वृद्ध पोप चाकांच्या खुर्चीतून रोमच्या एका तुरुंगात गेले. वाकण्याची ताकद आता उरली नव्हती. या वर्षी पाय धुता येणार नाहीत, पण तुमच्याजवळ यावेसे वाटले, अशा अर्थाचे ते कैद्यांशी बोलले. चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. अंगात वाकण्याचे बळ नसतानाही माणूस वाकू शकतो, हे त्या भेटीने दाखवले.

आणि हेही विसरू नये की येशूने ज्यांचे पाय धुतले, त्यांत यहूदाही होता. त्याच रात्री तो काय करणार आहे हे ठाऊक असताना!

दुसरे दार

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने एक सूचना दिली आहे. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा. हे ऐकणारी माणसे गालीलची होती. वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. म्हणजे घरी परत जायचे तर काही दिवसांची पायपीट! तरीही परत जा असे तो सांगतो. शब्दही नीट पाहावेत. भावाविषयी तुझी तक्रार असेल तर, असे तो म्हणत नाही. भावाची तुझ्याविषयी तक्रार असेल तर, असे म्हणतो. वेदीपुढे आपली बाजू बरोबर की चूक याचा निवाडा आधी होत नाही. आधी चालू लागायचे असते.

अर्थात, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच जाऊन पाय धरावेत, असा याचा अर्थ होत नाही. रमाबाईंचा धडा इथेही लागू आहे. पण आपल्या घराघरांतली बहुतेक भांडणे काही एवढ्या मोठ्या अन्यायाची नसतात. बांधावरचे एक झाड, वडिलांच्या मृत्युपत्रातली एक ओळ, लग्नात न मिळालेला मान, बारशाला न आलेले आमंत्रण. वीस वर्षांपूर्वी कोण काय बोलले, ते शब्द पाठ असतात. कशावरून बोलले, हे कोणालाच आठवत नाही.

मिस्साविधीत शांतीचे अभिवादन करायचा एक क्षण असतो. आपल्याकडे माणसे हात जोडून एकमेकांना नमस्कार करतात. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मनापासून हसून नमस्कार होतो. फक्त दोन बाके पुढे बसलेल्या सख्ख्या भावाकडे नजर जात नाही. मग सगळे गुडघे टेकतात, दोघे भाऊही टेकतात. मधली दोन बाके तशीच राहतात.

बेथलेहेम फार दूर आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तिथे जाणे जमायचे नाही. पण भावाचे घर बहुधा दोनच गल्ल्या पलीकडे असते. त्याचे दार चांगले साडेसहा फूट उंच आहे आणि कमरेत वाकावे लागेल असे त्यात काही नाही. तरीही या नाताळात फराळाचे ताट घेऊन त्या दारापर्यंत गेलेल्याला आणि कडी वाजवून उभे राहिलेल्याला विचारून पाहावे की ते दार किती उंचीचे होते. तो सांगेल, फार तर चार फूट.